माझ्या डाव्या डोळ्याची बदनामी

आमच्या मोताळा तालुक्यात माझ्याविषयी दोन मतं आहेत. एक, हा माणूस लग्नाचे फोटो चांगले काढतो. दोन, हा माणूस लग्नात बायांना डोळा मारतो. पहिल्या मताचा पुरावा गावोगावच्या कपाटांत अल्बमच्या रूपानं पडून आहे. दुसऱ्या मताचा पुरावा म्हणजे माझा डावा डोळा. तो मी सोबतच घेऊन हिंडत होतो, त्यामुळे लोकांना कपाट उघडायचीही गरज पडत नव्हती.

आता सगळं निस्तरलं आहे, म्हणून हसत हसत सांगतो. तेव्हा हसू येत नव्हतं. पोरीचं लग्न त्या डोळ्यापायी अडलं होतं.

फोटोच्या धंद्यात डावा डोळा बिनकामाचा, असं मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो. कॅमेऱ्याला मागच्या बाजूनं चौकोनी काचेची खिडकी असते, व्ह्यूफाइंडर. उजवा डोळा तिला लावायचा आणि डावा गच्च मिटायचा. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. सगळे तसंच करताना दिसले, मीही केलं. हळदीपासून पाठवणीपर्यंत डावा गाल वर ओढलेला, अर्धे दात उघडे, नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर चेपलेलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझ्या नाकाचा तेलकट ठसा कायम उमटलेला असे. बायको म्हणायची, "लोकायचे फोटो काढता, कोणी तुमचा काढला तं समजन. कच्चं लिंबू चावल्यावानी तोंड होते तुमचं."

पण मूळ घोटाळा डोळ्यात नव्हता. तो होता एका चाकात, आणि माझ्या गुरुभक्तीत.

आठ वर्षांपूर्वी मी नांदुऱ्याच्या एका बुजुर्ग फोटोग्राफरकडून त्यांचा कॅमेरा घेतला. आमच्या भागात त्यांच्याइतका मान कोणाला नव्हता. चष्मा असा जाड, की त्यामागचे डोळे उलट्या दुर्बिणीतून पाहिल्यासारखे बारके दिसायचे. फोटो काढायच्या वेळी ते चष्मा कपाळावर सरकवत आणि उघडा डोळा खिडकीला लावत. हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी धंदा थांबवला. कॅमेरा पंच्यात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिला, तोसुद्धा दोन्ही हातांनी, पोरगी सासरी पाठवावी तसा. म्हणाले, "सगळं बसवून ठेवलं हाय. कुठंच हात नोको लावजो."

मी त्यांच्या पाया पडलो. घरी येऊन कॅमेरा निरखला, तर खिडकीच्या कडेला हरभऱ्याएवढं एक चाक. बोट लागलं की फिरेल असं. गुरूनं बसवून दिलेलं, आणि माझ्या बोटानं हललं तर? मी लगेच वायरमनच्या डब्यातली काळी चिकटपट्टी काढली आणि त्या चाकावर अशी पक्की बसवली की कोणाच्या बापाला ते फिरवता येऊ नये. दर दसऱ्याला आमच्याकडे कॅमेऱ्याची पूजा होते. झेंडूचं फूल, आपट्याचं पान आणि कुंकवाचं बोट. ते बोट मी नेमानं त्या पट्टीवरच टेकवायचो. कुठंतरी लावायचंच, तर गुरूच्या चाकाला लावू. असे आठ दसरे त्या चाकाची पूजा झाली, आणि ते चाक कशासाठी असतं हे मी एकदाही विचारलं नाही.

पहिली काही वर्षं बरी गेली. संध्याकाळी डोकं दुखायचं, पण लग्नात कोणाचं डोकं दुखत नाही? पुढं वय त्रेचाळीस-चव्वेचाळीस झालं आणि खिडकीतल्या नवऱ्या धुक्यात उभ्या दिसायला लागल्या. गंमत अशी, की फोटो मात्र लख्ख यायचे. फोकस कॅमेरा स्वतःच करायचा. मला खिडकीत नवरी म्हणजे हिरवा-लाल ढग दिसायचा आणि अल्बममध्ये तिच्या हातावरच्या मेंदीची टिंबं मोजून घ्यावीत. त्यामुळे माझी समजूत अशी, की भारी कॅमेऱ्यातून असंच दिसत असावं. कॅमेरा जितका भारी, तितकं धुकं जास्त.

डोळा ताणून ताणून डोकं फुटायची वेळ आली, तेव्हा उपाय सुरू झाले. बायकोनं तळपायाला काशाच्या वाटीनं तूप चोळलं. चहाच्या टपरीवरच्या दोस्तानं निदान केलं, "डीजेनं होते बे ते. कानात कापूस घालत जाय." कापसाच्या मुलखात कापसाला काय तोटा! दोन बोळे कोंबून मी एका लग्नाला गेलो. मंगलाष्टकं कधी संपली ते कळलंच नाही. अंतरपाट खाली गेला, हार पडले, टाळ्या वाजल्या, आणि मी आपला मंडपाच्या झालरीचा फोटो काढत उभा. हार पुन्हा उतरवून पुन्हा घालायला लावले. नवऱ्या मुलाची आजी म्हणाली, "एकाच पोट्टीसंग दोनदा लग्न लावलं या फोटोवाल्यानं." कापूस त्याच दिवशी काढला.

डोळे तपासून घ्यावे असं बायको वर्षभर म्हणत होती. पण मला भीती वेगळीच. चष्मा लागला आणि लोकांना दिसला, तर बोलावील कोण? आंधळ्याला सुपारी दिली म्हणतील.

"त्या नांदुऱ्याच्या बाबाले नव्हता काय चष्मा?" बायको विचारायची.

"ते बुजुर्ग होते."

"मंग तुम्ही काऊन चष्म्याआधी बुजुर्ग होऊन राह्यले?"



मग डाव्या डोळ्यानं आपला डाव मांडला. इतकी वर्षं मिटून ठेवलेला तो डोळा कॅमेरा नसतानाही आपोआप मिटायला लागला. चहा पिताना, कोणाशी बोलताना, रस्त्यानं जाताना, फट्कन एकदा. पुरुषाचा डावा डोळा लवणं आमच्याकडे अशुभ. शेजारच्या काकूंनी सोयाबीनच्या कुटारातली, म्हणजे भुशातली, बारकी काडी आणली, जिभेला लावून ओली केली आणि माझ्या पापणीवर चिकटवली. म्हणाल्या, "वजन पडलं की डोया बसते जाग्यावर." त्या दिवशी मी अर्धा मोताळा पापणीवर कुटार घेऊन फिरलो.

खरी अब्रू गेली ती उंद्रीच्या लग्नात. वरातीकडच्या बायांचा समूहफोटो चालला होता. पुढच्या रांगेत नवरदेवाची आत्या, जरीच्या साडीत. मी कॅमेरा खाली घेऊन म्हटलं, "ताई, जरा इकडे पाहा," आणि डोळा लवला. त्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, "ताई, इकडे पाहा ना," पुन्हा लवला. तिसऱ्यांदा त्या रांगेतून निघूनच गेल्या आणि दोन मिनिटांत त्यांचा भाऊ फेटा सावरत आला.

"काय बे फोटोवाल्या, डोया मारून राह्यला काय?"

"नाही जी! डोया लवते माया."

"आमच्या बहिणीकडे पाहूनच लवते काय? मायाकडे पाहून लवून दाखव."

मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळा ढिम्म. अर्धा मंडप भोवती गोळा झालेला, सगळे माझ्या डाव्या पापणीकडे टक लावून बसलेले, आणि तो बेइमान डोळा असा उघडा, जणू जन्मात कधी मिटलाच नाही. मी मनातल्या मनात त्याच्या हातापाया पडत होतो. शेवटी एकदाचा लवला, पण नेमके तेव्हाच मधून भटजी चालले होते. भटजी थबकले. मंडपात जो हशा पिकला त्यात फेटेवाल्यांचा राग वाहून गेला. "जाऊ द्या," म्हणाले, "हा तं भटजीलेबी सोडत नाही." कोणीतरी काडी आणून पापणीवर चिकटवली. त्या लग्नाच्या व्हिडिओत मी दोनदा दिसतो, दोन्ही वेळा काडीसकट.

ही बातमी उंद्रीहून मोताळ्याला माझ्या आधी पोचली. मी मोटारसायकलवर होतो, बातमी मोबाइलवर होती.

याच दिवसांत पोरीचं जमत आलं होतं. ती बुलढाण्याला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. मुलगा नांदुऱ्याचा, तिच्याच लॅबच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर शिकवतो. म्हणजे स्थळ आम्ही शोधलं नाही; पोरीनंच शोधलं, आणि मग आम्ही शोधल्यासारखं आमच्याकडून करून घेतलं. लहानपणापासून तिनं हट्ट म्हणून कधी केला नाही. जत्रेत फुगासुद्धा मागितला नाही. या एकाच वेळी आईजवळ म्हणाली, "मले हेच घर पाह्यजे." मुलाचे वडील नाहीत. होकार-नकार आईच्या हातात. त्या सरकारी दवाखान्यात नोकरीला आहेत, स्वभावानं कडक आहेत, एवढंच आम्हाला ठाऊक. मला वाटलं, नर्स असतील.

पाहायच्या कार्यक्रमाच्या दिवशी बायकोनं मला सकाळीच समोर बसवलं.

"अजी, आज मान खाली घालून बसजा. कोणाकडे पाहाचं नाही."

"पोरीले पाहाले येऊन राह्यले की मले?"

"पोरीकडे पाहून कोणी नाही म्हणणार नाही. मले तुमचीच भीती हाय."

पाहुणे आले. मुलगा, त्याचे काका आणि आई. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात पर्स, आवाज हळू पण सरळ. पोरगी मान वर करून नीट बोलत होती आणि तिचा बाप खाली मान घालून जाजमावरची फुलं मोजत होता. काकांनी विचारलं, "भाऊ बोलत नाही जास्त?" बायको म्हणाली, "लाजतात." पोरीनं ओठ चावून हसू दाबलं ते मला जाजमाकडे पाहतानाही कळलं.

सगळं पार पडत आलं होतं. तेवढ्यात त्या बाई थेट मलाच म्हणाल्या, "भाऊ, पोहे छान झाले हो."

कोणी आपल्याच घरचे पोहे वाखाणले तर माणूस मान वर करणारच. मी केली. आणि लवला. एकदा लवून थांबला असता तरी निभावलं असतं; लगेच दुसऱ्यांदा लवला, पहिला त्यांना दिसला नसेल तर असावा म्हणून.

काकांना ठसका लागला. मुलगा पाण्याच्या पेल्यात पाहायला लागला. बाईंचा चमचा तोंडापर्यंत येऊन हवेतच थांबला. त्या रागावल्या नाहीत. पण तांदळात खडा शोधावा तशा माझ्याकडे पाहत राहिल्या, मान थोडी तिरकी करून, किती तरी वेळ. मग चमचा खाली ठेवला, पर्स उचलली, म्हणाल्या, "बरं, निघतो आम्ही. कळवतो."

आमच्या भागात 'कळवतो' म्हणून गेलेला माणूस कळवत नसतो.

एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले, फोन नाही. बायको माझ्याशी फक्त भाजी काय करू एवढंच बोलायची, तेही भिंतीकडे पाहून. पोरगी रजा घेऊन घरीच होती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. चौथ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली. मी कॅमेरा पुसत होतो.

"बाबा, मी तुमाले काही म्हणून नाही राह्यली," ती म्हणाली. "पण डोया दाखवून या एकदा. आता नाही तं नाही. पुढं कोणी येईन तवा तरी..."

मी कॅमेरा पुसतच राहिलो. पुसायला काही उरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी फोन आला. बायकोनं घेतला, फक्त हो-हो म्हणाली आणि ठेवला. "उद्या नांदुऱ्याले बोलावलं. दवाखान्यात. दोघाले." थोडं थांबून म्हणाली, "अन् कॅमेरा संगं आणा म्हणे."

कॅमेरा कशाला? रात्रभर मला एकच दिसत होतं, की पंच बसले आहेत आणि पुरावा म्हणून कॅमेरा मधोमध ठेवला आहे. सकाळच्या एसटीत बायको खिडकीशी बसली, बाहेर पाहत. मी कॅमेरा मांडीवर घेऊन बसलो, आठ वर्षांपूर्वी त्याच रस्त्यानं आणला तेव्हा बसलो होतो तसाच.

दवाखान्यात विचारत विचारत आम्ही एका दारापाशी आलो. दारावर पाटी होती, 'नेत्र तपासणी'. आत त्याच बाई, पांढऱ्या कोटात. भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. मी दारातच उभा राहिलो. मागून बायकोनं ढकललं.

"बसा भाऊ. तक्त्याकडे पाहा. दोन्ही डोये उघडे ठेवून."

मी बसलो आणि डावा मिटला.

"दोन्ही."

"दोन्हीच हायेत."

"एक हाय. वहिनी, तुम्ही सांगा, दोन दिसून राह्यले का एक?"

"पंचवीस वर्षं झाले, एकच पाहून राह्यली मी," माझी बायको म्हणाली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती.

बाईंनी माझ्या नाकावर लोखंडी चौकट चढवली, लाकडी पेटीतली भिंगं एकामागून एक घातली, काढली, उजेड मारला, पापणी उलटी करून पाहिली. शेवटी म्हणाल्या, "डोये चांगले हायेत तुमचे. जवळचं वाचाले चाळिशीचा बारका नंबर हाय, बस. एवढ्यानं असे हाल होत नाही. आणा तो कॅमेरा इकडे."

कॅमेरा त्यांनी हातात फिरवून पाहिला. खिडकीपाशी थांबल्या.

"याच्या भोवती रबर नसते काय?"

"आला तवापासून नाही."

"तरीच. कडेनं ऊन घुसते डोयात. अन् ही पट्टी कायची? हे कुंकू?"

मी सांगितलं. गुरू, पंचा, हात नोको लावजो, आठ दसरे. सांगता सांगता माझंच मला जरा विचित्र वाटायला लागलं. बाईंनी नखानं पट्टीचं टोक उचललं. मी म्हणालो, "अजी, तुटन ते!" त्यांनी ऐकलं नाही. कुंकवाचे पापुद्रे टेबलावर पडले. पट्टीखालून चाक निघालं, आणि चाकाशेजारी दोन खुणा, अधिक आणि उणे.

बाई क्षणभर त्या खुणांकडे पाहत राहिल्या आणि मग भिंगांची पेटी माझ्यापुढे सरकवली. पेटीतल्या एकेका भिंगावर त्याच खुणा होत्या.

"तुमच्या गुरूले दूरचा मोठा नंबर होता ना? चष्मा काढून फोटो काढाचे ना?"

"हाव."

"मंग हे चाक त्यायनं त्यायच्या नंबरवर नेऊन ठेवलं. म्हणजे त्यायचा चष्मा या खिडकीत बसवलेला हाय. अन् आठ वर्षं तुम्ही तो घालून फिरून राह्यले." त्या हसत नव्हत्या, पण हसू फार लांबही नव्हतं. "वय कमी होतं तवा डोया जोर लावून निभावून नेत होता. चाळिशी आली, जोर सरला. एक डोया ताणून थकला, दुसरा दाबून थकला. लवन नाही तं काय करन?"

त्यांनी मला दारातून बाहेरच्या निंबाकडे कॅमेरा धरायला लावला. "झाडाकडे नाही पाहाचं. खिडकीत खाली बारके आकडे दिसतात काय? ते स्पष्ट होईपर्यंत चाक फिरवा."

आकडे? कुठले आकडे? खिडकीच्या खालच्या कडेला एक हिरवी, चिकट रेघ असते एवढंच मला ठाऊक होतं. मी चाक फिरवत गेलो. ती रेघ फुटली, तुटली आणि तिचे आकडे झाले. वर झाडाची पानं सुटी सुटी झाली. पानांत एक सरडा बसला होता आणि तो माझ्याकडे पाहत होता. आठ वर्षांत त्या खिडकीतून मी काहीही एवढं स्वच्छ पाहिलं नव्हतं. किती नवऱ्या गेल्या, आणि पहिल्यांदा नीट दिसला तो सरडा.

बाई मागून सांगत होत्या, "आता डावा डोया मिटाचा नाही. दाबाचा नाही, ओढाचा नाही, नुसता सोडून द्याचा. त्याले जे पाह्याचं ते पाहू द्या. दहा-बारा फोटो झाले की खिडकीपासून दूर व्हाचं, लांब कुठंतरी पाहाचं, पापण्या मिटवाच्या-उघडाच्या. दोन्ही संगंच मिटवा बरं, एकच नाही."

मी कॅमेरा खाली घेतला. आता खरी गोष्ट विचारायची होती आणि मी कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत राहिलो. शेवटी बायकोच म्हणाली, "ताई, मंग... पोरीचं?"

"पोरीचं काय?"

"तुम्ही कळवतो म्हणून गेल्या. पाच दिवस झाले."

"अवं, मी मोतीबिंदूच्या शिबिराले होती खेड्यापाड्यानं! फोन पाहाले फुरसत नव्हती. तुमाले काय वाटलं?"

बायकोनं नुसतं माझ्या डाव्या डोळ्याकडे बोट केलं. बाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना उमगलं.

"तीस वर्षं लोकायचे डोये पाहून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "मारलेला डोया कोणता अन् लवलेला कोणता, मले समजत नाही? पोरगी तं मी पोहे खाल्ले तवाच केली. म्हटलं, बापाचा डोया तेवढा आधी दुरुस्त करू. नाही तं लग्नात आमच्या साऱ्या बाया उठून जातीन."

बायकोनं पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की रडते आहे ते मला कळेना. त्या दिवशी मला सगळंच स्पष्ट दिसत होतं, फक्त ते दिसलं नाही.

परत येताना बुजुर्गांच्या घरी गेलो. चाकाचं सांगितलं. ते खाटेवर उठून बसले. "अबे येड्या! हात नोको लावजो म्हणलं होतं ते लेन्सच्या मागं आत आरसा असते, त्याले! चाक तं ज्यानं त्यानं आपल्या डोयानं बसवाचं असते." मग बराच वेळ हसले. "कुंकू लावत होता म्हणते!" मधूनच पुन्हा हसले. निघताना मी पुन्हा त्यांच्या पाया पडलो, पण या वेळी काही उपदेश करतील त्याच्या आत बाहेर निघालो.

दोन्ही डोळे उघडे ठेवायला शिकणं सोपं नव्हतं. पहिल्या आठवड्यात दोन चित्रं एकमेकांवर चढायची. अंगणात सराव करताना एका डोळ्याला तुळस दिसायची, दुसऱ्याला दोरीवरचं लुगडं, आणि मी दोघांच्या मधून चालायला जाऊन खांबाला धडकायचो. बायको ओट्यावरून मजा पाहायची. "डावीकडे खांब हाय," म्हणायची, आणि खांब लागल्यावर म्हणायची. पण हळूहळू डावा डोळा शांत झाला. लवणं आधी कमी झालं आणि मग एक दिवस बंदच पडलं. तो दिवस नेमका कोणता ते मला सांगता येत नाही. काकू मात्र सांगतात. त्यांच्या मते काडीचा गुण उशिरा लागतो.

आणि तो डोळा उघडल्यावर मला कळलं की इतकी वर्षं काय काय हुकलं होतं. मंडपात डावीकडे जग असतं. उजव्या डोळ्यात नवरा-नवरी, आणि डाव्यात आचारी मला जेवायला चला म्हणून हात करतोय. इतकी वर्षं मला वाटायचं, फोटोवाल्याला कोणी जेवायचं विचारत नाही. ते बिचारे विचारत होते, ज्या बाजूनं विचारत होते ती बाजू मी मिटून ठेवली होती.

पोरीचं लग्न चांगलं झालं. मी मुलीचा बाप, माझ्या हाती कॅमेरा द्यायचा नाही असा विहीणबाईंचा सक्त हुकूम. फोटोला बुलढाण्याचा एक दोस्त बोलावला. मी जन्मात पहिल्यांदा लग्नात कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला होतो, आणि हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. अंतरपाट खाली गेला तेव्हा पोरगी आधी नवऱ्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून हसली. मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. दोन्ही भरले. मला खरंच वाटलं होतं, डाव्याला रडायचीही सवय उरली नसेल.

शेवटी दोन्ही घरचा मिळून फोटो. विहीणबाई माझ्या शेजारी उभ्या. सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात मला, म्हणजे आपल्या व्याह्याला, म्हणाल्या, "इवाई, दोन्ही उघडे बरं!"

"उघडे हायेत जी."

"पाहू. हाव, हायेत."

दोस्तानं कॅमेरा डोळ्याला लावला. आणि समोर कॅमेरा डोळ्याला लागलेला पाहताच, माझ्या नकळत, माझा डावा मिटला.

लवला नाही. लवणं केव्हाच थांबलं होतं. ही निव्वळ सवय. दोस्तानं सहा फोटो घेतले; पाचांमध्ये मी विहीणबाईंच्या शेजारी उभा राहून साऱ्या जगाला डोळा मारतो आहे. सहाव्यात माझे दोन्ही डोळे छान उघडे आहेत, आणि विहीणबाईंचे हसून हसून मिटले आहेत.

नांदुऱ्याला त्यांच्या बैठकीत दारासमोर एकच फोटो मोठा करून लावलाय. तो सहावा नाही. मी विचारलं, "इहीणबाई, एक चांगला होता ना त्यात." त्या म्हणाल्या, "त्यात माये डोये बंद आले. मी डोये तपासणारी बाई, लोक काय म्हणतीन?"

मी गेलो की मला त्या फोटोखालीच बसवतात. नवीन पाहुणा आला की आधी फोटोकडे पाहतो, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. पोरगी आतून पोह्याची बशी घेऊन येते आणि माझ्यापुढे ठेवताना हळूच म्हणते, "बाबा, आता वर पाह्यलं तं चालन."